कोलोराडोत एल्कसाठी ठासणीची बंदूक: गोळी कुठली घ्यायची, दारू किती भरायची

तुझा प्रश्न थोडक्यात असा की कोलोराडोचा सप्टेंबरचा मझललोडर (म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा) एल्क टॅग (एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना) ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, लागलाय, ह्यूस्टनमध्ये ५० कॅलिबरची (अर्धा इंच व्यासाच्या नळीची) सीव्हीए इनलाइन (प्रायमर नळीच्या थेट मागे बसतो ती) घेतलीस, १:२८ ट्विस्टवाली (नळीतले आटे २८ इंचात एक फेरा घेतात), आणि दुकानदाराने सोबत २५० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) सॅबोवाल्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या वेष्टनातल्या, गोळ्या आणि पेलेट पावडरची, म्हणजे दारूच्या दाबलेल्या वड्यांची, डबी दिली, तीन पेलेट टाका म्हणजे १५० ग्रेन होतात, एल्क जागेवर बसेल म्हणाला. आता तू विचारतोयस की गोळी हीच ठेवू का जड घेऊ, आणि दारू कुठली चांगली.

तर पहिली गोष्ट, त्याने दिलेल्या दोन्ही वस्तू कोलोराडोच्या मझललोडर सीझनला चालतच नाहीत. सॅबो बंद, पेलेट बंद. दुकानदाराचा दोष नाही म्हणा, टेक्सासमध्ये हे सगळं चालतं आणि तिकडे रानडुकरावर लोक हेच वापरतात, तूही तिथे वापर, वाया जाणार नाही. पण इकडे येताना ते सामान घरी ठेवून ये.

आपल्याकडून आलेल्या लोकांना ठासणीची बंदूक म्हटलं की कोकणातली शेतीसंरक्षण परवान्याची नळी आठवते, दारू ओतायची, चिंधी, छरे, परत चिंधी, गजाने ठासायचं आणि वर केप, ठोकली की पेटणारी छोटी टोपी. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंदच आहे त्यामुळे पुढचं ज्ञान आपल्यातल्या बहुतेकांना इथे अमेरिकेत येऊनच मिळतं, आणि ते मिळतं दुकानदाराकडून नाहीतर व्हिडिओंतून, आणि दोघांनाही काहीतरी विकायचं असतं. म्हणून जरा लांबण लावतो.

कोलोराडोचे नियम आधी डोक्यात बसव कारण गोळीची अर्धी निवड तिथेच होऊन जाते. एल्कला किमान ५० कॅलिबर. ५० पर्यंतच्या कॅलिबरला गोळी कमीत कमी १७० ग्रेनची, ५० च्या वर गेलास तर २१० ची. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे तुझ्या ५० ला ढोबळमानाने एक इंच. दारू सुटी, पेलेट नाही, आणि स्मोकलेस (काडतुसातली बिनधुराची दारू) अजिबात नाही. स्कोप (दुर्बीण) नाही, उघडी साइट (नेम धरायची साधी खूण), फायबर ऑप्टिकचे रंगीत ठिपके चालतात. २०९ प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी, शॉटगनच्या काडतुसात असते ती) चालतो. अंगावर नारिंगी किंवा गुलाबी फ्लोरोसंट कपडे, किमान ५०० चौरस इंच आणि डोक्यावर टोपीही त्याच रंगाची. आणि १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं, ते झालंच असेल नाहीतर टॅग मिळाला नसता. दरवर्षी नवीन पुस्तिका निघते ती वाच, माझ्या किंवा कुणाच्याही शब्दावर जाऊ नको.

हे राज्याप्रमाणे बदलतं हेही लक्षात ठेव कारण उद्या आयडाहोला जायची हुक्की येईल. तिथल्या मझललोडर-ओन्ली सीझनमध्ये २०९ प्रायमरसुद्धा चालत नाही, साधी केप किंवा मस्केट केप नाहीतर चकमक, इग्निशन (दारू पेटवायची जागा) उघडं पाहिजे आणि गोळी पूर्ण शिशाची. म्हणजे इकडे जी तांब्याची महागडी गोळी मस्त चालते ती तिकडे बेकायदा. याच बंदुकीने दोन्हीकडे शिकार करायचं स्वप्न असेल तर आत्ताच सोडून दे.

आता गोळी. लोक आधी पावडर विचारतात, मग गोळी, हे उलटं आहे. आधी गोळी ठरव, ती तुझ्या नळीतल्या आट्यांना मानवते का बघ, आणि मग तिला लागेल तेवढीच दारू.

आट्यांचं गणित सोपं आहे आणि फार जुनं, ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाचं, एकोणिसाव्या शतकातलं. शिशाच्या गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या पटीत काढायची, १५० ला त्याने भागायचं आणि व्यासाने गुणायचं, तेवढ्या इंचात एक पूर्ण फेरा पाहिजे. कोलोराडोची कमाल एक इंचाची गोळी धर, व्यास अर्धा इंच, म्हणजे लांबी दोन पट, १५० भागिले २ म्हणजे ७५, गुणिले अर्धा, साडेसदतीस. म्हणजे साडेसदतीस इंचात एक फेरा असला तरी ती गोळी तोंड पुढे ठेवून सरळ जाईल, तुझ्याकडे अठ्ठावीसचा आहे, त्यामुळे कायद्यात बसणारी कुठलीही गोळी तुझी बंदूक फिरवू शकते. उलट १:४८ वाली जुनी बंदूक असती तर लांबी पाऊण इंचाच्या जरा वर, ०.७८ वगैरे, तिथेच थांबावं लागलं असतं, आणि १:६६ वर तर लांबी व्यासापेक्षा थोडीशीच जास्त, म्हणजे गोल गोळीच. म्हणूनच हॉकन पद्धतीच्या (जुन्या घडणीच्या) बंदुका गोल गोळीने सुंदर मारतात आणि लांब कोनिकल (पुढे निमुळती लांबट गोळी) घातली की कागदावर आडवं भोक पाडतात. तुझ्या बंदुकीत हा प्रश्न नाही, पण कुणी मित्र त्याच्या आजोबांची बंदूक दिली तर हे गणित करूनच गोळी घे.

गोल गोळी चालेल का असं कुणीतरी विचारणारच. कायद्याने चालते. ५० च्या नळीत कापडात गुंडाळून जाणारी .४९० ची गोल गोळी साधारण १७७ ग्रेनची असते, म्हणजे १७० च्या नियमात जेमतेम बसते. तोंडातून १८०० फूट सेकंदाला निघाली तर जवळजवळ १२७० फूट-पाउंड ऊर्जा, ऐकायला झकास. पण गोल वस्तूला हवा फार अडवते, शंभर यार्डावर वेग हजार-अकराशेवर येतो आणि ऊर्जा साडेचारशेच्या आसपास. हरणाला पुरते. एल्कचा नर तीनशे किलोच्या वर भरतो, फऱ्याचं हाड जाड, वर चिखलात लोळून केस चिकटलेले, तिथे ५० ची गोल गोळी मी पन्नास यार्डाच्या आतच आणि जनावर पूर्ण आडवं उभं असेल तरच मान्य करीन. ज्यांना परंपरेनेच मारायचंय त्यांनी ५४ घ्यावी, तिची .५३० ची गोळी सव्वादोनशे ग्रेनची होते, फरक पडतो. तुला त्यात पडायचं कारण नाही.

तुझ्यासाठी कोनिकल, साडेतीनशे ते चारशे ग्रेनच्या मधली. आणि इथे तो दुकानदाराचा हिशेब उलटा होतो बघ. ठासणीच्या बंदुकीत वेग फारसा वाढवता येत नाही, वाढवला तरी बोथट जाड गोळी तो शंभर यार्डात गमावून बसते. वजन मात्र ती गमावत नाही. ३५० ग्रेनची गोळी १४०० फुटांनी निघाली तर तोंडाशी १५०० फूट-पाउंडच्या थोडी वर, आकडा कागदावर काही फार नाही, आजच्या बऱ्याच साध्या रायफली याच्या जवळजवळ दुप्पट देतात, पण अर्ध्या इंचाची शिशाची लगड दोन्ही फुप्फुसं फोडून पलीकडून बाहेर पडते हे महत्त्वाचं. दोन भोकं पाहिजेत. एल्कची चामडी आणि चरबी एका भोकाला आतून बंद करते, रक्त आतच साठतं, जमिनीवर पडत नाही, आणि मग ऍस्पनच्या दाट झाडीत संध्याकाळी तू बॅटरी घेऊन पानं चाळत बसतोस.

तर प्रकार. एक, शुद्ध मऊ शिशाची ग्रीस लावलेली कोनिकल, थॉम्प्सन सेंटरची मॅक्सी-बॉल हा जुना नमुना, ५० मध्ये ३७० ग्रेनची. स्वतः ओतणारे लोकही खूप आहेत, साचा आणि शिसं घेऊन गॅरेजमध्ये (दार उघडं ठेवून, शिशाची वाफ आणि धूळ दोन्ही वाईट, हात धुतल्याशिवाय जेवू नको). शिसं मऊच पाहिजे, टायर बॅलन्सच्या वजनांचं कडक शिसं आट्यात बसत नाही, ठासताना गज वाकेल पण गोळी खाली जाणार नाही. मऊ शिशाचा मोठा गुण म्हणजे हजार फुटाच्या वेगालाही ते पसरतं.

दोन, पॉवरबेल्ट, मागे प्लॅस्टिकचा छोटा झगा असतो. ती गोळी स्वतःच पूर्ण व्यासाची असल्यामुळे कोलोराडो तिला सॅबो धरत नाही. ठासायला सगळ्यात सोपी, नवीन माणसाला म्हणूनच आवडते. पण हिच्याबद्दल एल्कवाल्यांची जी तक्रार असते ना की हाडावर फुटली, आत गेली नाही, ती बहुतेक वेळा हलक्या गोळीची आणि १५० ग्रेन दारूची असते. मऊ शिसं, वर तांब्याचा पातळ मुलामा, वेगात हाडावर आपटली की विखुरणारच. २४५ किंवा २९५ एल्कला नको. ३४८ किंवा ४०५ घे आणि दारू ऐंशी-नव्वदच्या वर नेऊ नको, मग तीच गोळी शहाण्यासारखी वागते.

तीन, थॉर, पूर्ण तांब्याची, सॅबोशिवाय थेट आट्यात बसणारी. २५० आणि ३०० ग्रेनच्या आहेत त्यातली ३०० घे. तांबं शिशापेक्षा हलकं त्यामुळे तेवढ्याच वजनाला लांबी जास्त, कॅलिपर लावून एक इंचाचा नियम स्वतः तपास, कुठलीही गोळी असो, पाकिटावर लिहिलंय म्हणून सोडू नको, वॉर्डन (नियम तपासणारा अधिकारी) पाकीट मोजत नाही. तांब्याचा फायदा, ती तुटत नाही, मांसात शिशाचे कण जात नाहीत, घरात लहान मुलं असतील तर हा विचार खरंच करण्यासारखा आहे. तोटा, उघडायला वेग लागतो, आणि नळीच्या मापाशी जुळणी फार काटेकोर. ती एक-एक हजारांश इंचाच्या फरकाने वेगवेगळ्या मापात मिळते, आधी नमुना पाकीट घ्यायचं, कुठली अंगठ्याने थोडी आणि मग गजाने सारख्या दाबात उतरते ते बघायचं आणि मग तेच माप मागवायचं.

मला विचारशील तर पहिल्या वर्षी शिशाची किंवा पॉवरबेल्ट ४०५. तांब्याची गोळी उत्तम आहे पण तिची जुळवाजुळव करायला उन्हाळा लागतो, तुझ्याकडे किती वेळ आहे तुला माहीत.

गोळी नळीत किती घट्ट बसते यावर अजून थोडं थांबतो कारण सॅबो गेल्यावर खरी भानगड हीच आहे. सॅबोचं प्लॅस्टिक घट्ट असतं, नळीचं तोंड खाली केलंस तरी हलत नाही. सैल कोनिकल मात्र दिवसभर डोंगर चढ-उतार करताना, बंदूक खांद्यावर उलटी लटकवलीस तर, हळूहळू पुढे सरकते. दारू आणि गोळीत अशी पोकळी राहिली आणि बार काढला तर नळी फुगू शकते, फाटू शकते. म्हणून गजावर खूण कर, मोकळ्या नळीची एक आणि बार भरल्यावरची एक, परमनंट मार्करने किंवा टेपने, आणि दिवसातून दोन-तीनदा, प्रायमर काढून, नळीचं तोंड आपल्यापासून बाजूला धरून, गज आत घालून खूण जुळते का बघ. जुळत नसेल तर परत ठास. दुकानात गोळी बोटाने ढकलली आणि सुळकन खाली गेली असं असेल तर ती गोळी तुझ्या नळीची नाही, पुढचं माप बघ.

आता दारू. मूळ काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक, ७५-१५-१० च्या प्रमाणात, शेकडो वर्षं तेच. दाण्याच्या जाडीवरून एक एफ, दोन एफ, तीन एफ, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक आणि जळणं जलद. ५० च्या नळीत जड कोनिकलखाली दोन एफ. तीन एफ लहान कॅलिबरला किंवा गोल गोळीला, जड गोळीखाली ती दाब उगाच वाढवते. काळी दारू पेटायला सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची, पण घाण फार, एक-दोन बारानंतर नळी पुसल्याशिवाय गोळी खाली जात नाही, आणि कायद्याने ती स्फोटक म्हणून गणली जाते त्यामुळे मोठ्या स्पोर्टिंगच्या दुकानांत सहसा नसते.

पायरोडेक्स हा १९७० च्या दशकातला पहिला मोठा पर्याय. आरएस म्हणजे दोन एफच्या जागी, पी म्हणजे तीन एफच्या जागी. सगळीकडे मिळतो, स्वस्त, पेटायला काळ्यापेक्षा जास्त उष्णता मागतो पण तुझ्याकडे २०९ असल्यामुळे प्रश्न नाही. गंज मात्र काळ्या दारूइतकाच, काहींच्या मते जास्तच.

ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, वास नाही, पाण्याने साफ होते, आणि मापाला माप घेतली तर काळ्या दारूपेक्षा साधारण १५ टक्के जोरदार. म्हणजे काळ्याचा १०० चा बार असेल तर ही ८५ भरायची. हे लोक विसरतात. दुसरं, हिची एक कडक कडी तयार होते, प्रायमरच्या पुढे दारूच्या जागेशी, दुसरी गोळी नेमकी तिथे अडते आणि तुला वाटतं बसली. पुन्हा तीच पोकळी. प्रत्येक बारानंतर ओलसर पॅच (नळी पुसायचा कापडाचा तुकडा) आणि मग कोरडा, उपाय तेवढाच. सौम्य प्रायमर घेतला तर कडी कमी होते.

ब्लॅकहॉर्न २०९ आजकाल सगळ्यांची लाडकी. घाण कमी, ओल कमी धरते, लागोपाठ बार काढता येतात. पण हिला जोरदार २०९ शॉटशेल प्रायमर लागतो, मझललोडरसाठी म्हणून विकले जाणारे सौम्य २०९ नकोत, आणि ब्रीच प्लग (नळीचं मागचं बूच) तिच्यासाठी योग्य आहे का हे तुझ्या बंदुकीच्या मॅन्युअलमध्ये बघ, काही मॉडेलना वेगळा प्लग विकत घ्यावा लागतो. शिवाय तिला वरून दाब हवा असतो, गोळी घट्ट नसेल तर नीट पेटत नाही, चाप ओढल्यावर टिक्, मग क्षणभर काही नाही, मग धडाम, आणि तोवर तू बंदूक हलवलेली असतेस. सॅबो असताना हा त्रास कुणाला होत नाही म्हणून व्हिडिओत कुणी सांगत नाही, पण कोलोराडोत सैल कोनिकल आणि ब्लॅकहॉर्न ही जोडी मी टाळतो. घट्ट थॉर किंवा व्यवस्थित बसणारी पॉवरबेल्ट असेल तर ब्लॅकहॉर्न खुशाल. शिशाची मॅक्सी-बॉल असेल तर काळी दारू किंवा ट्रिपल सेव्हन.

आणि माप. हा परिच्छेद दोनदा वाच. मझललोडरमध्ये "१०० ग्रेन" म्हणजे १०० ग्रेन काळी दारू मावेल एवढं आकारमान, वजन नाही. मापाच्या पितळी नळीत भरायचं, तराजूत नाही. ब्लॅकहॉर्नचं १०० चं माप तराजूत ७० च्या आसपास भरतं. कुणी हुशारीने तराजूवर १०० ग्रेन तोलून भरले तर ते मापाने १४३ होतात, आणि कंपनीची मर्यादा १२० आहे. तराजू वापरायचाच असेल तर त्या त्या पावडरच्या कंपनीचा तक्ता समोर ठेव. आणि स्मोकलेस दारू, काडतुसात असते ती, चमचाभरसुद्धा नाही, मिसळूनही नाही. सॅव्हेजने मागे एक मॉडेल खास त्यासाठी काढलं होतं, ते वेगळं, तुझी ती नाही, त्या दाबाला तुझी नळी फुटेल आणि चेहरा तिच्या मागेच असतो. डब्यातून किंवा फ्लास्कमधून थेट नळीत ओतायचं नाही हेही आलंच, आत एखादी ठिणगी धुगधुगत असली तर हातात अख्खा डबा असतो. मापात घे, डबा बंद करून लांब ठेव, मग ओत.

किती भरायची? काळी दारू किंवा पायरोडेक्स असेल तर ८० पासून सुरू कर, ट्रिपल सेव्हन असेल तर ७० पासून. पाच-पाच ग्रेनने वर जा, प्रत्येक मापाला तीन-तीन गोळ्या, पन्नास यार्डावर, सँडबॅगवरून. एका ठिकाणी ग्रुप (तिन्ही भोकांचा घोळका) आवळेल, मग पुढे परत पसरायला लागेल. आवळला तिथे थांब. बहुतेक ५० इनलाइनमध्ये जड कोनिकलला ते ८० ते १०० च्या मध्ये कुठेतरी सापडतं. १०० च्या वर गेलं की वेग थोडासाच वाढतो, उरलेली दारू नळीबाहेर जळते आणि खांदा मात्र पूर्ण हिशेब घेतो, मग माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. बंदुकीच्या आणि पावडरच्या मॅन्युअलमधली जी मर्यादा कमी असेल ती पाळ.

जास्त दारूने मिळणार काय तेही बघ ना. उघड्या साइटने शंभर यार्डापलीकडे एल्कच्या छातीवर नेम धरणं बहुतेकांना जमत नाही, पुढचा ठिपकाच अर्धी छाती झाकतो. ३५० ची गोळी १४०० च्या वेगाने, शंभर यार्डावर शून्य केलेली (साइट अशी बसवलेली की शंभरवर नेमकी लागेल), पन्नासवर दोन-अडीच इंच वर लागते, म्हणजे शंभरच्या आत कुठेही असो, छातीच्या मधोमध धर आणि चाप ओढ, डोकं लावायचं काम नाही. दीडशेवर तीच गोळी नऊ-दहा इंच खाली जाते, आणि तिथे अंतर वीस यार्डाने चुकलं तर पाय मोडतो जनावराचा. दहा मैलाचा आडवा वारा असेल तर शंभरवरच तीन-चार इंच सरकते. त्यामुळे रेंजफाइंडर घे, तो चालतो, फक्त बंदुकीला बसवायचा नाही, आणि स्वतःची मर्यादा अशी काढ की कागदी जेवणाची प्लेट, नऊ इंची, गुडघ्यावर बसून, टेबलाशिवाय, धापा टाकत असताना, जिथपर्यंत एकही गोळी बाहेर जात नाही तिथपर्यंतच. ते सत्तर यार्ड निघालं तर सत्तर. सप्टेंबरमध्ये माज असतो, नर ओरडत येतात, हाक मारणारा चांगला असेल तर चाळीस यार्डावर येऊन उभे राहतात.

पहिला बार स्वच्छ नळीतून आणि दुसरा घाण नळीतून वेगळ्या ठिकाणी लागतो, कधी दोन इंच, कधी जास्त. शिकारीत तुझा पहिलाच बार खरा. म्हणून साइट शून्य करताना स्वच्छ कोरड्या नळीतून निघालेली पहिली गोळी कुठे लागते तिची वही ठेव. आणि तेल. घरी साफ करून तेल लावलेली बंदूक तशीच भरायची नाही, अल्कोहोलचा पॅच फिरव, मग नुसता प्रायमर उडवून फ्लॅशचं भोक कोरडं कर, नाहीतर ऐन वेळी फुसका बार.

पाऊस ठरलेलाच धर. नऊ-दहा हजार फुटांवर सप्टेंबरात दुपारी ढग येतात, कधी गारा, कधी सकाळी बर्फ. नळीच्या तोंडावर साधी इलेक्ट्रिकल टेप किंवा रबरी बोटमोजा चढव, बार काढताना काढायची गरज नाही, गोळीच्या पुढची हवा तो आधीच फाडते. रात्री बंदूक गरम तंबूत किंवा केबिनमध्ये आणू नको, थंड लोखंडाला दव सुटतं आणि दारू भिजते, प्रायमर काढून बाहेर थंडीतच सुरक्षित कुलपात ठेव. प्रायमर काढला की कोलोराडोच्या नियमात ती रिकामी धरली जाते, गाडीत ठेवतानाही तेच, पण दारू आणि गोळी आत आहे हे विसरून कुणाच्या हातात देऊ नको, मी तर तशा बंदुकीवर लाल चिंधी बांधतो.

बार काढल्यावर समोर धुराचा ढग, काही दिसत नाही. लगेच पळत सुटू नको. एल्क कुठे उभा होता ते एखादं झाड धरून लक्षात ठेव, आवाज ऐक कुठल्या बाजूला फांद्या मोडतायत, आणि आधी परत बार भर. जनावर उभं असेल तर दुसरा घाल, पडेल म्हणून वाट बघायची नाही, एल्क फुप्फुसात गोळी लागूनही शे-दोनशे यार्ड जातो. दिसेनासा झाला तर अर्धा तास बस. आडवा उभा असताना पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात नेम. तोंड तुझ्याकडे असेल तर थांब, बहुतेक वेळा वळतो. नाही वळला तर गेला, ते चालतं.

प्रवासाचं. ह्यूस्टनहून विमानाने येणार असशील तर बंदूक कुलूपवाल्या कडक पेटीत, काउंटरवर सांगून, चेक-इनमध्ये येते. पण दारू आणि प्रायमर ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये, अजिबात नाही. म्हणजे ज्या पावडरने उन्हाळाभर सराव केलास तीच इथे उतरल्यावर मिळाली पाहिजे, आधी फोन करून डेन्व्हरच्या दुकानात बाजूला ठेवायला सांग. ऐन हंगामात शेल्फ रिकामे असतात, आणि दुसरी पावडर घेतलीस तर सगळा सराव परत पहिल्यापासून. गाडी चालवत आलास तर बरंच सोपं. अजून एक, ग्रीन कार्ड नसून एच-१ वर असशील तर फेडरल कायदा नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक-दारूगोळ्यापासून लांब ठेवतो, वैध हंटिंग लायसन्स हा त्याला एक अपवाद आहे, तेव्हा लायसन्स कायम खिशात आणि निघायच्या आधी एकदा वकिलाला विचारून घे.

साफसफाई त्याच रात्री, दमलास तरी. काळी दारू, पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन असेल तर ब्रीच प्लग काढून गरम पाणी आणि भांड्याचा साबण, पॅच पांढरा निघेपर्यंत, मग नीट कोरडं करून तेलाचा हलका हात. ब्लॅकहॉर्नला पाणी नको, नेहमीचा बंदुकीचा सॉल्व्हंट, आणि प्लगच्या मागच्या वाटेत कार्बन दगडासारखा साठतो तो १/८ इंची ड्रिल बिट हाताने फिरवून खरवडायचा, मशीन लावायचं नाही. प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लाव, नाहीतर पुढच्या वर्षी तो प्लग निघणारच नाही.

नळीचं माप घेतलंस की कळव, गोळी कुठल्या मापाची मागवायची ते सांगतो.